हरवलेल्या मायचं वर्णन

माणसांचं वर्णन करायचा धडा आला की माझा इंग्रजीचा तास फुलून येतो. सोनपेठच्या शाळेत एरवी मान खाली घालून बसणारी पोरं त्या दिवशी बाकावर उभी राहतात. टॉल, शॉर्ट, थिन, फॅट, फेअर, डार्क. प्रत्येक शब्दाला वर्गात गिऱ्हाईक तयार असतं. आमच्याकडं तसंही माणसाला नावाआधी अंगावरूनच हाक मारतात: काळ्या, लंबू, ढोल्या, बुटकी. त्यात कुणाला राग नसतो, निदान हाक मारणाऱ्याला तरी नसतो. मी मात्र डोळे वटारते. माणसाचं रूप मान राखून सांगता आलं पाहिजे, असं दर वर्षी घसा फोडून सांगते. बाल्ड म्हणजे टक्कल असलेला, याला उदाहरण कायम मामाचं. पोरं हसतात आणि तास संपतो.

गेल्या उन्हाळ्याच्या सुटीत मायला घेऊन परभणीहून रेल्वेनं तिरुपतीला गेले. माय राणीसावरगावला राहते, अजून शेतात जाते, कुणाचं ऐकत नाही. मागं माझं मोठं ऑपरेशन झालं तेव्हा तिनं बालाजीला स्वतःचे केस द्यायचा नवस बोलला होता. मला हे कळलं ते तिकिटं काढल्यावर. मी गाडीतच भांडायला सुरुवात केली.

"माय, पेढे वाट, नारळ फोड. केस कशाला?"

"देव काय तुझ्या शाळंतला हेडमास्तर हाय का, ठरलेलं बदलून द्यायला?" असं म्हणून तिनं दशमीचा तुकडा माझ्या हातावर ठेवला. मी तो खाल्ला, पण मनातून धुसफुसतच होते. मायचे केस म्हणजे पांढरेशुभ्र, दाट, कमरेपर्यंतचे. लहानपणी तिच्या अंबाड्यात बोटं खुपसून मी झोपायची.

तिरुपतीला बायकांचे केस बायकाच काढतात. माय रांगेतून आत गेली. तिच्या चपला, पिशवी आणि स्वेटर सांभाळत मी दाराशी उभी राहिले. ज्या दारानं बाई आत गेली त्याच दारानं बाहेर येणार, हा आमचा सोनपेठी हिशेब. बाहेर पडायचं दार इमारतीच्या पार दुसऱ्या अंगाला होतं, हे कळायला बराच वेळ गेला. धावत तिकडं गेले, तर माणसांचा नुसता पूर. मी तिला फोन लावला. तो माझ्याच हातातल्या पिशवीत वाजला.

मायला वाचता येत नाही. आम्ही कुठं उतरलोय, त्या जागेचं नावही तिला ठाऊक नव्हतं. तिथली भाषा तेलुगू, आणि मायचा पाय अनवाणी. डोळ्यांपुढं नाही नाही ते यायला लागलं.

चौकशीच्या खिडकीत एक तरुण स्वयंसेवक होता. त्याला हिंदी जेमतेम, इंग्रजी मात्र चांगलं. "आई कशी दिसते?" त्यानं इंग्रजीत विचारलं. वा, हा तर माझाच धडा. ओल्ड, शॉर्ट, थिन, लाँग व्हाइट हेअर, टाइड इन अ बन. मी घडाघडा सांगितलं. त्यानंही तेच माईकवरून पुकारलं. आणि मी खिडकीपाशी उभी राहून येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक बाईचा अंबाडा तपासायला लागले.

किती बायका समोरून गेल्या, देव जाणे. एक म्हातारी माझ्या अगदी जवळून गेली. डोक्याचा गोटा, त्यावर चंदनाचा पिवळा लेप. मला ते बघवलं नाही, मी तोंड फिरवलं. आणि तोंड फिरवता फिरवता माझ्या लक्षात आलं. मी शोधत होते ती बाई आता या जगात कुठंच नव्हती. तिचे केस आत फरशीवर पडले होते.

पुन्हा खिडकीशी गेले. "सॉरी, शी इज..." पुढचा शब्द तोंडातून निघेना. फळ्यावर शेकडो वेळा लिहिलेला शब्द, पण आईला कसा लावायचा? शेवटी म्हणाले, "बाल्ड." म्हणाले आणि रडायलाच लागले. पोरगा भला होता. हसला नाही. हळूच माझ्या पाठीमागं बोट दाखवून म्हणाला, "मॅडम, इथं सगळेच बाल्ड आहेत." मागं वळून पाहिलं तर खरंच, बाया, बाप्ये, तान्ही लेकरं, सगळ्यांची डोकी चंदनानं माखलेली. रडता रडता मला हसू फुटलं.

मग आठवलं, नऊवारी! धोतरासारखा कासोटा घातलेली हिरवी साडी, असं त्याला हातवारे करून समजावलं. त्यानं दोन-तीन ठिकाणी फोन लावले. पलीकडच्या खिडकीवर अशी एक अम्मा होती. पण तिथली हैदराबादकडची बाई फोनवर म्हणाली, ही अम्मा तुमची नव्हे. हिच्याशी मी आमच्या दखनी हिंदीत बोलले आहे, हिची मुलगी वेगळी आहे, आम्ही तिलाच शोधतोय.

"तरी मला बघू द्या," म्हणत मी पळत सुटले.

माय बाकड्यावर पाय वर घेऊन बसली होती. हातात दुधाचा पेला, डोकं चंदनानं लिंपलेलं, चेहरा एवढासा आणि तुकतुकीत. बाकड्यावरच्या शेजारणीला मराठी कळत नव्हतं, तरी हिचं चालूच होतं. मला बघून ओरडली, "आगं, कुठं गेलतीस माय? ही खिडकीतली बाई कवाची तुला हुडकायलीय!" मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. गार होतं. आदल्या दिवशीपासूनचा माझा सगळा राग तिथंच विरला.

हैदराबादची बाई मात्र माझ्याकडं बघतच राहिली. मायनं तिला सांगितलं होतं, माझी लेक उंच हाय, गोरीपान हाय, लय देखणी हाय. आता मी म्हणजे पाच फुटांच्या आतली, रंगानं काळी, आणि ऑपरेशननंतर सुटले ती सुटलेच. माझ्यासारख्या किती जणींना त्यांनी बघून सोडून दिलं असेल.

"माय, असं सांगितल्यावर मी सापडले असते का गं?" मी विचारलं.

तिला माझा प्रश्नच कळला नाही. दुधाचा शेवटचा घोट घेऊन ती म्हणाली, "मंग काय खोटं सांगू? हाय तशी सांगितली."