राजाच्या डोळ्यातलं भोक

शाहूपुरीत बांगड्या विकणारी खैरुनबी भलती फटकळ. गिऱ्हाइकानं दिलेल्या नव्या पैशांत राजाच्या तोंडाची, भोक पाडलेली जुनी पावली दिसताच ती कडाडली, "ही खपवायला मीच गावले व्हय?"

पण भोक नेमकं राजाच्या डोळ्यात होतं. नजर लागू नये म्हणून ही पावली तिनंच नातवाच्या गळ्यात काळ्या दोऱ्यात बांधली होती.

"पावणं, कुणी दिली?"

"कोडोलीच्या बाजारात एका बाईनं. माझ्याकडनं जोंधळं घेतलं तिनं."

म्हणजे कोडोलीला दिलेली तिची लेक मलिका. लेकरू जिवंत असताना असा दोरा कोण सोडतं? खैरुनबीनं विचारलं, "कडंवर लेकरू हुतं?"

"हुतं की. भुकेनं नुसतं रडत हुतं."

"रडत हुतं न्हवं? बास!" म्हणत ती टोपली तिथंच टाकून एसटी गाठायला धावली.