हात लावणारा

"पापणी तू उघड. तुम्हा लोकांना सवय असते घाणीत हात घालायची."

एवढं बोलून डॉक्टरसाहेब खिडकीपाशी गेले. नव्वदीचं दशक. भिवंडीतलं धर्मादाय इस्पितळ, डोळ्यांची ओपीडी, मी तिथे सहायक. केसपेपरवर एचआयव्हीची लाल खूण असली की मी हात लावायचा आणि साहेबांनी दुरून निदान करायचं, ही पद्धत. टेबलावर 'रुग्णसेवा हीच ईश्वरसेवा' अशी पाटी. तिच्यावर कधी धूळ नसे. पुसायला मीच होतो.

स्टुलावर शेलार गावचा यंत्रमाग कामगार. डोळे लाल.

"भाऊ, तुटलेला धागा दिसत न्हाय. आंधला झालो तं लूमवर कोन ठेवल?"

पापणी उचलताच त्याने घाबरून माझं मनगट धरलं. त्याच्या तळहातावर तांबूस डाग. मी विचारलं, "खाजतात?"

"न्हाय."

रद्दीतून आणलेल्या वैद्यकीच्या पुस्तकात मी हे वाचलं होतं. गरमी, म्हणजे सिफिलिस. डोळ्यात उतरते. एचआयव्ही असेल तर फार लवकर. पण तिच्यावर इलाज आहे.

"साहेब, हातावर डाग आहेत. गरमीसाठी रक्त तपासू या?"

"सिस्टर, राखीव जागेतून प्रोफेसर आलेत. खुर्ची द्या यांना."

सगळे हसले. मीही हसलो. हे एक वाक्य लिहायला मला इतकी वर्षं लागली.

साहेबांनी लिहिलं: एड्समुळे. इलाज नाही.

तीन आठवड्यांनी तो बायकोच्या खांद्यावर हात ठेवून आला. उजव्या डोळ्यात अंधार, डाव्यात धुकं.

"परत कशाला आणलं याला?" साहेब खिडकीपाशी उभ्यानेच म्हणाले.

मी पेन उचललं. त्यांच्या निदानाखाली रक्ततपासणी लिहिली, आडनावासकट सही केली आणि त्याला हाताला धरून लॅबकडे निघालो.

"कुणाला विचारून?"

"हात लावणाऱ्याला विचारून."

गरमीच निघाली. त्वचाविभागाच्या डॉक्टरबाईंनी दाखल करून घेतलं. चौदा दिवस शिरेतून पेनिसिलिन. डावा डोळा निवळला. उजवा नाही.

जाताना तो म्हणाला, "भाऊ, तुमच्यामुलं दिसतंय."

मला पहिल्याच दिवशी कळलं होतं, हे मी त्याला सांगितलं नाही. तो उजवा डोळा अजून माझ्याकडे बघतो. साहेबांच्या नावावर ढकलून सुटका होत नाही.

त्यानंतर एचआयव्हीचा जो पेशंट नजर अंधुक झाल्याचं सांगतो, त्याचं रक्त त्याच दिवशी लॅबला जातं. डाग असोत, नसोत. साहेबांची सही नंतर झाली तरी चालते. नाही झाली तरी.