दोरीच्या तीन गाठी

आमच्या यवतमाळात लेन्सशिवाय कॅमेरा गळ्यात घालून फिरणारा एकच माणूस: यज्ञेश्वरराव. मोजणी खात्यातून निवृत्त झाल्यावर त्यांनी नागपूरहून कॅमेरा आणला. दुकानदार त्याच पेटीत अठरा-पंचावन्नची, म्हणजे रुंद दृश्यापासून जवळच्या चेहऱ्यापर्यंत चालणारी साधी लेन्सही देत होता. "पेटीबरोबर येते ती लेन्स म्हणजे साडीबरोबरचा ब्लाउजपीस," असं म्हणून यांनी ती परत सारली. घेईन तर एकच, रोज फिरताना चालेल अशी, आणि पूर्ण विचार करून!

तो विचार आठ महिने चालला होता. यांचंही बरोबर आहे. तेहतीस वर्षं लोकांच्या शेतांचे धुरे, म्हणजे बांध, मोजलेला माणूस. वीतभर चुकलं की सख्खे भाऊ जन्मभर बोलत नाहीत, हे पाहिलेला. तोवर कॅमेऱ्याच्या तोंडावर झाकण. त्यांच्या बायको कुंदावहिनी म्हणायच्या, "डबाच न्यायचा तर पोहे तरी भरून देते नं."

अशात फुलसिंगचा फोन आला. फुलसिंग म्हणजे यांच्या मोजणीच्या साखळीचं दुसरं टोक. बावीस वर्षं यांनी एक टोक धरलं, त्यानं दुसरं. नेरजवळच्या बंजारा तांड्यावर राहतो.

"साहेब, यंदा तिजीले याडी तिचा जुना फेटिया-कांचळी घालणार हाये. मंग तो बबितालेच देऊन टाकते म्हणते."

याडी म्हणजे त्याची आई, मानीबाई. बबिता नात. आणि फेटिया-कांचळी म्हणजे आरशांचा घागरा-चोळी, मानीबाईनं लग्नाआधी स्वतः टाके घालून शिवलेली.

"तिचा त्या कपड्यातला एक बी फोटू नाई आपल्यापाशी. तुमीच काढा."

यज्ञेश्वरराव 'हो' म्हणाले, फोन ठेवला आणि पांढरे पडले. तीज, तांड्याचा मोठा सण, अकरा दिवसांवर होती.

मग त्यांनी मोजणीवाल्याला सुचावं तेच केलं. मिठाईच्या खोक्याच्या पुठ्ठ्यात चौकोनी खिडकी कापली. तिला दोरी बांधली, दोरीला तीन गाठी मारल्या. पहिली गाठ दातात धरली की पुठ्ठा डोळ्याजवळ, खिडकीतून सगळा चौक दिसतो. ती अठराची लेन्स. दुसऱ्या गाठीला पंचावन्न. तिसऱ्या गाठीला हात पूर्ण लांब, आणि दिसते फक्त समोरच्या गच्चीवरची घार, ती दोनशेची. ज्या गाठीवर जास्त वेळ जाईल, ती लेन्स घ्यायची. युक्ती नामी होती. दोष एकच: दोरी दातात असल्यानं बोलता येत नव्हतं.

बाजारात मोजणीवाले साहेब दोरी लावून दुकानांकडे बघताहेत, हे पाहून पानठेलेवाल्या किसनरावनं विचारलं, "साहेब, रस्ता रुंद होऊन राह्यला का?" साहेब म्हणाले, "उं." किसनरावनं संध्याकाळपर्यंत ठेला दोन हात मागे घेतला.

तिजीच्या आठवडाभर आधी आम्ही तांड्यावर गेलो. मी उगाच सोबत. यज्ञेश्वरराव मधल्या रस्त्यावर दोरी दातात धरून उभे राहिले मात्र, दहा मिनिटांत तांडा कामाला लागला. हिरासिंगनं रस्त्यात आलेल्या कुंपणाच्या काट्या उपटल्या, गुलाबसिंगनं गोठ्याची लाकडी बल्ली आत सरकवली. मानीबाई मात्र ओट्यावर ठाण मांडून बसली. तो ओटा रस्त्यात दोन हात पुढं आहे, हे साऱ्या तांड्याला ठाऊक होतं.

"काहून रे बापू, माहा ओटा मोजून राह्यला?"

"उं," साहेब म्हणाले.

"माह्या घरधन्यानं बांधला हा ओटा. याले हात लागला तं फोटू नाई न फिटू नाई. घागरा पेटीतच राहीन!"

यज्ञेश्वररावांच्या तोंडातून दोरी गळून पडली. "अहो मानीबाई, मोजत नाहीये! तुमचा फोटो कुठून चांगला येईल ते बघतोय!"

म्हातारीनं पुठ्ठा हिसकावला, खिडकीतून त्यांच्याकडे निरखून पाहिलं. "मंग तसं सांगत काहून नाई? तोंडात दोरी कोंबून राह्यला बैलासारखा! अन् तिकून काय पाह्यतं? अठी बस."

ते ओट्यावर बसले. पुन्हा पुठ्ठा डोळ्यापुढं. म्हातारीचा चेहरा हवा की पुठ्ठा पुढं, सगळं घर हवं की पुठ्ठा मागं. फुलसिंग जुन्या सवयीनं गाठींवर नजर ठेवून होता.

"साहेब, तिसऱ्या गाठीवर तुमी गेलेच नाई. पयल्या न दुसऱ्या गाठीच्या मधातच सरकवून राह्यले."

पहिल्या आणि दुसऱ्या गाठीच्या मध्ये म्हणजे अठरा ते पंचावन्न. म्हणजे ब्लाउजपीस!

घरी येताच यांनी नागपूरला फोन लावला. ती लेन्स संपली होती. यायला पंधरा दिवस. यज्ञेश्वरराव खुर्चीत बसले ते बसलेच. "फुलसिंगला काय तोंड दाखवू?"

कुंदावहिनी उठल्या, कपाट उघडलं आणि स्टीलचा एक डबा पुढं ठेवला. आत मऊ फडक्यात तीच लेन्स! नागपूरला तुम्ही दुकानाबाहेर रिक्षा ठरवत होता तेव्हाच घेतली, म्हणाल्या.

"मग आठ महिने बोलली का नाहीस?"

"मोजणी चालू असताना मधे कोणी बोललं की तुम्ही पुन्हा पहिल्यापासून मोजता."

यज्ञेश्वररावांनी इतका मोठा सुस्कारा सोडला की कॅलेंडरचं पान उडालं.

तिजीला मानीबाई ओट्यावर बसली. उन्हात घागऱ्याचे आरसे असे लखलखले की बबिता डोळे मिचकावत हसत होती. फोटो पाहून म्हातारीनं पहिला प्रश्न केला, "ओटा पुरा आला नं?"

पुरा आला होता. हिरासिंग-गुलाबसिंगनं मात्र काट्या आणि बल्ली परत जागेवर आणल्या नाहीत. तेव्हापासून तांड्यात ट्रॅक्टर सरळ येतो, आणि फक्त मानीबाईच्या ओट्याला वळसा घालतो.