करणारा शेजारी उभा हवा

रशिदाभाभींचा फोन आला तेव्हा मी इथे आखातात, डिस्कव्हरी गार्डन्समध्ये आमच्या इमारतीखाली गाडी लावायला जागा शोधत होते. इब्राहिमभाई गावी जाऊन जेमतेम आठवडा झाला होता. मला वाटलं, नातीचे फोटो बघितलेस का, एवढंच विचारायला केला असेल. "बाय, आमचे हे गेले गो. सकाळची नमाज पढून खुर्चीत बसले, ते बसलेच..." मी तशीच गाडीत बसून राहिले. मागचा माणूस हॉर्न वाजवून थकला आणि निघून गेला. खरं सांगते, रडू नंतर आलं, आधी रागच आला. हा माणूस खाली कोथिंबीर आणायला निघाला तरी चार दारं ठोठावून "तुला काय आणू गो?" विचारायचा. आणि एवढ्या लांब जाताना एका शब्दाने सांगितलं नाही.

इब्राहिमभाई मूळचे श्रीवर्धनकडचे. वाळवंटाच्या कडेला आमचा शूटिंग क्लब आहे, तिथली जुनी शस्त्रं ते सांभाळायचे आणि मी ऑफिस सांभाळते. शेजारी असल्यामुळे जायचं-यायचं त्यांच्याच गाडीतून. तो तासभर तोंडाला विश्रांती नसायची. सुरमईचा इथला भाव, मग त्याचे रुपये, मग श्रीवर्धनचा भाव, मग जावयाने घेतलेली गाडी. मी म्हणायचे, "इब्राहिमभाई, समोर बघा, सिग्नल लागलाय." तर म्हणायचे, "सिग्नल मला ओळखतो."

पण वर्कशॉपमध्ये शिरले की हाच माणूस मुका. क्लबच्या काही म्हाताऱ्या मेंबरांकडे वाडवडिलांच्या वेळची, ब्रिटिश लष्करातली रिव्हॉल्व्हर्स आहेत. त्यांची जाड, बुटकी काडतुसं आता बाजारात मिळत नाहीत, म्हणून आमच्या परवान्याच्या वर्कशॉपमध्ये ती हातानं भरतात. उडवलेली पितळी पुंगळी साफ करायची, प्रेसवर घालून पुन्हा आकारात आणायची, बुडाला ठिणगीची नवी टोपी, आत मोजून बारूद आणि वर शिशाची गोळी. माझा हात हलका आहे म्हणून रीतसर परवानगी काढून त्यांनी मला हे शिकवलं. माझी लेक मैत्रिणींना सांगायची, "माय मॉम मेक्स बुलेट्स." आणि घरी मला कुकरची शिटी काढायला भीती वाटते!

त्यांचे नियम म्हणजे नियम. भरताना फोन बाहेरच्या ड्रॉवरमध्ये. बोलायचं नाही, चहा नाही. उठलं की कोपरापर्यंत हात धुवायचे, कारण शिसं वाईट. आणि सगळ्यात मोठा नियम असा की, दुसऱ्याच्या हातची काडतुसं करणारा शेजारी उभा असल्याशिवाय उडवायची नाहीत. "जबाबदारी घ्यायला माणूस नको?" म्हणायचे. करणारा गेला तर त्याची उरलेली काडतुसं फोडून टाकायची. मी एकदा चिडवलं होतं, "तुमचीसुद्धा?" तर म्हणाले, "माझी सगळ्यात आधी."

ते गेले तेव्हा कपाटात त्यांच्या हातची सहा काडतुसं उरली होती, अबू माजिद यांच्या रिव्हॉल्व्हरची. अबू माजिद इथलेच, ऐंशीच्या घरातले. ते रिव्हॉल्व्हर त्यांच्या वडिलांचं. इब्राहिमभाईंशी त्यांचं हिंदीतून भांडण आणि हिंदीतूनच प्रेम. बातमी कळल्यावर काठी टेकत थेट ऑफिसात आले. "इब्राहिम का आखिरी छे है. उसके नाम पे मैं चलाएगा. खलास."

मी नाही म्हटलं. ते म्हणाले, "इब्राहिम पे भरोसा नहीं तेरा?" समोरचा कहवा तसाच टाकून उठले. मॅनेजर मागून कुजबुजला, "मॅडम, इतना पुराना मेंबर है, दे दो ना यार." कपाटाची किल्ली माझ्याकडे होती, ती मी दिली नाही. पण मनातून हलले होते. ज्या माणसाच्या हातून कधी चूक झाली नाही, त्याची शेवटची आठवण मी हट्टाने फोडायला निघाले होते. त्यांनी सांगितलं होतं, या एकाच गोष्टीवर मी अडून होते.

दुसऱ्या दिवशी मी वर्कशॉपमधल्या टेबलाशी बसले. एक हातोडीसारखं अवजार असतं, त्यात काडतूस अडकवून ठोकलं की गोळी निसटते आणि बारूद खाली सांडतं. पाच फोडली. प्रत्येकातलं बारूद काट्यावर घातलं, काटा दरवेळी तिथल्या तिथे, एका कणाचा फरक नाही. माझे डोळे भरून आले. सहावं फोडलं... आणि काहीच सांडलं नाही. उलटं केलं, टिचकी मारली. पुंगळी कोरडी ठणठणीत.

असं काडतूस उडवलं तर नुसत्या टोपीच्या जोरावर गोळी नळीत अर्ध्यावर अडकते. त्यामागून दुसरी सुटली की रिव्हॉल्व्हर हातातच फुटायचं. आणि तो हात अबू माजिदचा असता. 

मग एकदम आठवलं. इब्राहिमभाई हीच काडतुसं भरत होते त्या दुपारी त्यांची लेक नसीमा बाळंत झाली. पठ्ठ्याने त्या दिवशी फोन चक्क खिशात ठेवला होता! काळ्या हातांनीच फोटो दाखवायला माझ्या टेबलाशी धावत आले. "नाक बघ, माझं नाक!" मी ओरडले, "आधी हात धुवा!" सगळ्या क्लबला मिठाई वाटून झाल्यावर ते पुन्हा कामाला बसले होते.

तिथेच एकटीने मी पोट धरून हसले, आणि मग खूप रडले.

अबू माजिदना ती कोरडी पुंगळी दाखवली, त्या दुपारचं सांगितलं. त्यांनी ती बोटांत फिरवून पाहिली. मग खोकला येईपर्यंत हसले. "नाना बन गया, तो इब्राहिम भी पागल हो गया." पुंगळी माझ्या हातात ठेवून म्हणाले, "यल्ला, चलो. अब तू बना. साथ में खड़ी रहना."

त्याच सहा पुंगळ्या मी भरल्या. गेल्या शुक्रवारी अबू माजिद यांच्या उजव्या बाजूला, इब्राहिमभाईंच्या जागी उभी राहिले. प्रत्येक बार मी मनात मोजला. सहाही उडाली. गरम पुंगळ्या त्यांनी स्वतः माझ्या ओंजळीत दिल्या.

काल मी त्याच पुन्हा भरत होते. बाहेर ड्रॉवरमध्ये फोन थरथरत होता, थांबत होता, पुन्हा थरथरत होता. उचलला नाही. सहावी भरून झाली, कोपरापर्यंत हात धुतले आणि मग लावला. व्हिडिओवर रशिदाभाभी होत्या, मांडीवर नात.

"एवढा वेळ उचलला का नाही गो?"

"काडतुसं भरत होते, भाभी. इब्राहिमभाई ओरडले असते."

भाभी हसल्या. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. "मग धुतलेस ना हात?" म्हणाल्या आणि फोन नातीच्या नाकाजवळ नेला.