टकलावरची चिकटपट्टी

उस्मानपुऱ्यात रिक्षांवर पट्टे रंगवणारा एक पेंटर होता. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही, पण टक्कल विसरणार नाही. त्यावर कायम चिकटपट्टीचे चार-पाच तुकडे लावलेले असायचे, आणि तो तसाच चहाला जायचा.

मला छोटी विमानं जोडून रंगवायचा नाद. चंदेरी पंखावर लाल पट्टा मारायचा, तर कड सरळ यावी म्हणून लावलेली चिकटपट्टी काढताना खालचा चंदेरी रंगच सालासारखा निघून यायचा. दोनदा पंख खरवडून पुन्हा रंगवला. तिसऱ्यांदा वैतागलो आणि विमान उचलून थेट त्याच्याकडे गेलो.

पंख बघून तो म्हणाला, "कोरी पट्टी लावली व्हय? चंदेरी रंग लई नाजूक असतो, साहेब. पट्टी आधी आपल्या कातड्याला लावायची, तिचा जोर मरू द्यायचा. आपल्याला दुखलं, म्हंजे त्यालाबी दुखणार."

मी मनगटावर लावून ओढली. डोळ्यांत पाणी आलं आणि पट्टीवर केस.

"हे केस रंगात बसतील," असं म्हणून त्यानं डोकं पुढं केलं. "इथं लावा."

भर रस्त्यात मी एका अनोळखी माणसाच्या टकलावर नवी पट्टी तीनदा लावली, तीनदा काढली. मग ती दुसऱ्या, धड पंखावर गेली. लाल रंग सुकल्यावर श्वास रोखून ओढली, तर चंदेरी रंग जागचा हलला नाही. माझ्याआधी त्यानंच टाळी वाजवली.

परवा बायको म्हणाली, "अहो, तुम्हाला मागं टक्कल पडायला लागलंय."

मी खूश होऊन चिकटपट्टी शोधायला उठलो.