देवराईतली खुरपणी

आमच्या राजुरीत कांद्याच्या वाफ्यात तण दिसलं की हात आपोआप खाली जातो. मी तर लहानपणापासून खुरपणीला गेलेली, माझा जायचाच. त्या सवयीपायी मी आंबेगावच्या डोंगरातल्या एका देवराईचं नुकसान केलं.

तिथल्या शाळेवर माझी बदली झाली, ते पहिलंच वर्ष. श्रावणात देवाच्या उत्सवाआधी गाव देवराईत जमतं, देवळाची वाट मोकळी करतं. मीही चपला बाहेर काढून सगळ्यांबरोबर आत गेले. हिरडे, जांभळी, या झाडावरून त्या झाडावर गेलेली गारंबीची मांडीएवढी जाड वेल. देवळाशेजारी बुंध्यात पोकळ झालेलं एक जुनं झाड होतं. त्या जातीचं रानात तेवढं एकच उरलंय, हे मला ठाऊक नव्हतं. त्याच्या बुडाशी तांबूस पानांची रोपटी दाटीनं उगवली होती. मी पदर खोचला, खाली बसले आणि अर्ध्या तासात जागा लख्ख केली. कुणी सांगितलं होतं का? नाही. शहाणपणा उतू चालला होता नुसता!

आजूबाजूच्या बायांचे हात थांबले तेव्हा मी मान वर केली. एकजण म्हणाली, "बाई, काय केलं वो हे? किती वर्सांनी बी रुजलं व्हतं! ह्ये झाड गेल्यावर मागं काय ऱ्हायचं?"

लोक जमले. कुणी म्हणालं, दंड घ्या. कुणी म्हणालं, यांना पुन्हा आत येऊ देऊ नका.

देवाची पूजा करणारे आजोबा पुढे आले. सगळं ऐकून म्हणाले, "पावण्यांना आधी सांगायचं काम माझं. म्या नाय सांगितलं. दंड मी भरतो." मग माझ्याकडे वळले, "रडताय काय? मुळं सुकायच्या आत लावा."

भर पावसात आम्ही दोघं चिखलात बसलो. रोप किती खोल लावायचं ते आजोबा बोट रुतवून दाखवायचे आणि मी लावायची. दंडाचा नारळ आणि उत्सवाच्या जेवणाचा तांदूळ त्यांनी खरंच दिला. मला देऊ दिला नाही, पुढे कधी बोलूनही दाखवलं नाही. त्यांचे उपकार मी विसरूच शकत नाही.

बहुतेक रोपं मेली. एक तेवढं जगलं. आता मी मंचरला असते, पण दर श्रावणात ते बघायला जाते.

गेल्या पावसाळ्यात ते जुनं झाड वाऱ्यात कोसळलं. आजोबांनीच फोन करून सांगितलं.

"पडलं ते पडलं, बाई," ते म्हणाले. "पर दुसऱ्या अंगाला पडलं. तुमी लावलेलं उभं हाय."

लावलेलं म्हणाले. मी सगळी रोपं उपटून टाकलेली त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली होती.