देवचंदशेठच्या गिरणीची खिडकी

पाचोऱ्यात देवचंदशेठची तेलगिरणी जोरात होती, तेव्हा दुसऱ्या कुणाचं तेल खपत नसे. खपणार कसं? आसपासचे सगळे लहान घाणे शेठनं विकत घेऊन कुलूपबंद करून टाकले होते.

कादर त्या गिरणीच्या मागच्या खिडकीवर असायचा. खेड्यापाड्यांतल्या बाया घरचे शेंगदाणे घेऊन यायच्या, बाकड्यावर बसायच्या आणि आपल्याच दाण्यांचं तेल निघताना डोळ्यांनी बघून डबा भरून न्यायच्या. म्हशीसाठी पेंडही त्यांचीच. "कादरभाऊना हातनं तेल," असं त्या कौतुकानं म्हणत. ते ऐकून कादर दिवसभर फुगलेला असायचा.

सत्त्याऐंशी सालच्या सुमारास शेठला वाटायला लागलं, की ही खिडकी म्हणजे नसता खटाटोप. चार-चार किलोंसाठी घाणा अडकून पडतो. बायांनी दाणे मार्केटात विकावेत आणि दुकानातून आपला डबा न्यावा.

"जातील कुठे? दुसरी गिरणी आहे का?" शेठनं विचारलं.

मुनीमजींनी मान डोलावली. कादरनंही डोलावली, कारण त्याला गोदामाची किल्ली मिळणार होती. सगळा बाजार ज्याच्या मुठीत, त्याला नाही म्हणणारं माणूस सापडतच नाही हो. तसं म्हणणाऱ्याला त्यानं आधीच हाकललेलं तरी असतं, नाहीतर आपल्या पदरी ठेवलेलं.

दुसऱ्या दिवशी खेड्यातली लिलाबाई नेहमीसारखी दाणे घेऊन येऊन बाकड्यावर टेकली. तिला कादरनंच उठवलं.

"उठा अक्का, आते खिडकी बंद."

"मंग आमना दाना कोन गाळी?"

कादर बाकडं उचलून आत घेऊन गेला.

कुजबुज सुरू झाली. दाखवत नाहीत, म्हणजे भेसळ करत असणार! शेठ लोभी होता, उर्मट होता, पण तेलात त्यानं कधी थेंबाची भेसळ केली नाही. ते आता कोण ऐकतो? डबे पडून राहिले, तेव्हा खिडकी उघडायची सोडून या शहाण्यानं भाव वाढवला. विनाशकाले विपरीत बुद्धी, दुसरं काय. पुढे बाहेरगावचं तेल प्लास्टिकच्या पिशव्यांतून आलं. ते निघताना तर कुणीच पाहिलं नव्हतं, तरी बाया तेच नेऊ लागल्या.

कादर भरबाजारात अल्लाची शपथ घेऊन सांगायचा, आपलं तेल शुद्ध आहे. बाया हसून पुढे जात. एकदा त्यानं लिलाबाईला अडवलं.

"त्या पिशवीमा काय शे, ते तरी पाह्यं का, अक्का?"

"नही पाह्यं. पन तिनी माले उठाडं नही."

शेवटी गिरणीला टाळं लागलं. त्या संध्याकाळी कादर घरी आला, तेव्हा त्याची बायको सलीमा पुऱ्या तळत होती. चुलीजवळ तेलाची पिशवी फोडून ठेवलेली.

"आपलं तेल सरनं का?" त्यानं विचारलं.

"नही. डबा भरेल शे." तिनं कढईवरून नजर उचलली नाही. "तुमनावर मना भरोसा शे. पन पोरं खातीन ना."